व्हर्डा टेनीचं सुधारलेलं गाव

मेस्किट वेल्सची सुधारणा व्हावी असं ज्यांना ज्यांना मनापासून वाटत होतं, ते सगळे तरुणपणीच फिनिक्सला निघून गेले. मागे राहिली एक व्हर्डा टेनी. तीही राहिली ती गावावर जीव जडला म्हणून नव्हे, नवरा हलायला तयार नव्हता म्हणून.

ती मूळची वरच्या डोंगराळ भागातली. तिकडे पाइनची झाडं, थंडीत बर्फ. लाव्हार टेनी तिला मागणी घालायला आला तेव्हा तिने एकच विचारलं, "तुमच्या गावात आहे काय काय?" लाव्हार म्हणाला, "सगळं आहे." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याच्या हिशेबी खरोखरच सगळं होतं: कापसाची जिनिंग, रेल्वेच्या कडेला गवताच्या गठ्ठ्यांचं गोदाम, एक चर्च, आणि पीठ, दोरखंड नि घोड्याच्या पायाला चोळायचं औषध एकाच गल्ल्यावर विकणारं दुकान. यापलीकडे माणसाला लागतं काय?

व्हर्डा नवी नवरी म्हणून आली ती भर जूनमध्ये. गाडीतून उतरून तिने चारी बाजूंना पाहिलं. कापूस, लसूणघास, कालवा, पुन्हा कापूस. पलीकडे नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. ती नवऱ्याला म्हणाली, "हे आहे ते ठीक. गाव कुठंय?"

"तू उभी आहेस त्यात," लाव्हार म्हणाला आणि गाईंचं दूध काढायला निघून गेला.

लाव्हार मनाने चांगला होता. दारू नाही, सिगारेट नाही. आमच्या चर्चच्या शिस्तीत कॉफीसुद्धा नाही. त्याची बोलायची सगळी हौस गाईंवर खर्च व्हायची, बायकोच्या वाट्याला हवामान यायचं. उन्हाळ्यात सगळं गाव ओसरीवर खाटा टाकून ओल्या चादरी पांघरून झोपायचं. चादर अंगावर नीट घेईपर्यंत वाळून कडक व्हायची. तरी लाव्हार समाधानाने म्हणायचा, "यंदा ऊन जरा कमीच आहे."

दुसऱ्या खेपेला व्हर्डाचे दिवस भरले ते नेमके पाण्याच्या पाळीला. कालव्याचं पाणी आठवड्यातून ठरल्या वेळी यायचं. ती वेळ चुकली की घास जळालाच म्हणून समजा. कळा सुरू झाल्यावर तिने शेतात निरोप धाडला. लाव्हार फावडं हातात घेऊन बांधावरून ओरडला, "चेबोला म्हणावं, तिला गाडीतून मेसाला ने! मला पाणी टाकून येता येत नाही!" बरोबरच होतं त्याचं. पाणी पुन्हा मिळालं नसतं. मूल काय, पुढच्या वर्षीही झालं असतं.

चेबो म्हणजे युसेबियो आर्विझू. टेनींच्या शेतावर गठ्ठे बांधणारा, विशी-बाविशीचा पोरगा. डॉक्टर सगळ्यात जवळचा म्हणजे मेसाचा, आणि रस्ता कालव्याच्या कडेचा कच्चा. कुणाचं तरी पाणी फुटून रस्त्यावर चिखल झालेला. गाडी रुतली ती रुतलीच. टेनींचा धाकटा डॅरेल त्या गाडीच्या सीटवर जन्माला आला. बाईला संकोच वाटू नये म्हणून चेबो कापसाकडे तोंड करून उभा होता आणि तिच्या ओरडण्यावर ताण करत, घसा फोडून, मेरीमातेची प्रार्थना म्हणत होता. आमच्या चर्चमधल्या खानदानी घराण्यातलं ते मूल कॅथलिक प्रार्थना ऐकतच जगात आलं. ही गोष्ट टेनींच्या घरात पुढे पंचवीस वर्षं कुणी मोठ्याने काढली नाही.

व्हर्डा घरी आली ती बदलून. तिचा हिशेब साधा होता. गावाला डॉक्टर पाहिजे, डांबरी रस्ता पाहिजे. पण माणसं आल्याशिवाय डॉक्टर येत नाही, म्हणजे आधी माणसं पाहिजेत. त्या दिवसापासून नगर परिषदेची एकही बैठक तिने सोडली नाही. परिषद म्हणजे पाच शेतकरी, आणि त्यांतला एक लाव्हार. व्हर्डा लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन जायची, सगळ्यांची तोंडं भरलेली असताना उठून उभी राहायची आणि म्हणायची, "गाव वाढवा."

"सिस्टर टेनी, वड्या झकास झाल्यात," अध्यक्ष म्हणायचे; आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टरच असते. "पण आणखी माणसं कशाला? आहेत त्यांचंच ऐकून कान किटले."

मग मतदान व्हायचं. पाचही मतं विरुद्ध पडायची, लाव्हारचं सगळ्यात आधी. घरी जाताना गाडीत ती विचारायची, "तुम्हीसुद्धा?" तो म्हणायचा, "पश्चिमेला ढग दिसताहेत."

अशी वर्षं गेली. युक्तिवाद, विनवणी, वड्या, कशाचाच उपयोग झाला नाही तेव्हा एका बैठकीत ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "बरंय. वाढवू नका. शेजारचं शहर आपल्या हद्दीपर्यंत आलंय. एक दिवस सकाळी उठाल तेव्हा त्यांच्यात असाल. कर त्यांना भराल आणि त्यांचा महापौर तुम्हाला कालव्याचं दार कधी उघडायचं ते शिकवील."

 पुरुषांना प्रगती नको होती; पण शेजाऱ्याने आपली प्रगती केलेली तर मुळीच खपणार नव्हती. पुढच्याच बैठकीत त्यांनी नकाशावर एक रेघ ओढली. फूटभर रुंदीची वाटावी अशी पट्टी, वाळवंटातून, मेंढ्यांच्या कुरणांतून, कापसातून फिरवून पुन्हा जागच्या जागी आणली, आणि आतलं सगळं आमचं म्हणून जाहीर केलं. गावात तेव्हा एक दुकान होतं, आणि हद्द मोठ्या शहरांना लाजवील अशी! व्हर्डा त्या दिवशी ट्रे घेऊन आली नव्हती. जरूर उरली नव्हती.

मग माणसं आली. म्हणजे कशी आली? आधी हळूहळू, एखाददुसरं कुटुंब. आणि मग धुळीचं वादळ यावं तशी. फिनिक्समध्ये घर परवडेना म्हणून आली, मिनेसोटात बर्फ उपसून पाठ गेली म्हणून आली. कापूस उपटून तिथे 'कॉटन फील्ड्स' नावाची वसाहत झाली. संत्र्यांची बाग तोडली, तिचं नाव 'ऑरेंज ग्रोव्ह'. ज्या गोष्टीचं नाव पाटीवर लागलं ती गोष्ट संपली असं समजावं, असा इथला रिवाजच पडला. वाळवंटात तळी खोदली, तळ्यात बदकं सोडली, आणि शेतकरी पाणी फार वापरतात अशी तक्रार तळ्याकाठच्या लोकांनी केली.

पहिला सिग्नल लागला तेव्हा महापौरांनी फीत कापली, शाळेचा बँड वाजला. लाव्हार ट्रॅक्टर घेऊन लाल दिव्यातून सरळ निघून गेला. पोलिसाने अडवलं. लाव्हार म्हणाला, "मी या रस्त्याने चाळीस वर्षं जातोय. हा दिवा कालचा आहे. थांबायचं कुणी?"

हॉस्पिटलही आलं. शेजारच्या कापसाच्या शेतात, काचेचं, सहा मजली. उघडल्यानंतर दुसऱ्याच वर्षी लाव्हारच्या छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका त्याला डांबरी रस्त्याने, एकही खड्डा न लागता, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिथे घेऊन गेली. चार डॉक्टर धावले. तो गेलाच. डॉक्टर नव्हता म्हणून माणूस गेला, असं म्हणायची सोयसुद्धा त्याने बायकोला ठेवली नाही. जाण्याआधी खिडकीतून खालच्या गाड्यांच्या रांगा बघत तो तिचा हात धरून एवढंच म्हणाला, "जमीन चांगली होती गं ही." तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी वाद घातला नाही.

व्हर्डाने गोठा चालू ठेवला. तिन्ही बाजूंनी घरं उगवली होती, चौथ्या बाजूला हॉस्पिटल, आणि मधोमध सव्वाशे गाई. एके दिवशी दारात एक तरुण बाई उभी राहिली. हातात बिस्किटांची बशी, चेहऱ्यावर हसू. जॅनेल प्रिचर्ड, ओहायोहून नुकतीच आलेली, पलीकडच्या रांगेतली.

"तुमच्या गाई किती गोड आहेत!" जॅनेल म्हणाली. "मुलं रोज भिंतीवरून बघतात. फक्त एक छोटीशी गोष्ट... वासाची."

"कसला वास?"

"शेणाचा."

"मग बरोबर आहे," व्हर्डा म्हणाली. "गाईच आहेत त्या."

"नाही, म्हणजे आम्हाला गावाकडचं वातावरण आवडतं. त्यासाठीच तर आलो. पण घर घेताना दलालाने आम्हाला सांगितलं होतं की गोठा लवकरच जाणार आहे."

"कोण दलाल?"

"डॅरेल टेनी म्हणून आहेत."

व्हर्डाने बशी हातात घेतली. "तो माझा धाकटा," ती म्हणाली. "आत ये, बस. त्याने आणखी काय काय सांगितलंय ते ऐकू दे तरी."

जॅनेलने अर्ज केला. नगर परिषदेत सुनावणी झाली. आता परिषदेत एकही शेतकरी नव्हता. एक दंतवैद्य, दोन वकील, एक मोटारींचा विक्रेता, आणि 'ग्रामीण वारसा' या विषयावर निवडून आलेली एक बाई, जिने आयुष्यात शेळीलासुद्धा हात लावला नव्हता. त्यांनी फिनिक्सहून वास मोजणारा तज्ज्ञ बोलावला. तो यंत्र नाकाला लावून दोन दिवस कुंपणाभोवती फिरला आणि वास आहे असा निर्णय देऊन गेला. कायदा मात्र व्हर्डाच्या बाजूने होता. गोठा आधीचा, घरं नंतरची. परिषदेने हात झटकले आणि कुंपणाशी सुवासिक फुलझाडं लावावीत अशी नम्र सूचना केली. व्हर्डाने ती लावली. गाईंनी ती आठवड्याभरात खाल्ली.

ती जिंकली, आणि दोन वर्षांनी तिने गोठा विकला.

वर्तमानपत्रातला मुलगा धावत आला. त्याला अश्रू हवे होते. "शहराने तुम्हाला हुसकावून लावलं, असं लिहू का?"

"लिही, माझे गुडघे गेलेत," व्हर्डा म्हणाली. "हवं तर त्यांचा फोटो काढ."

जमीन विकून दिली अर्थातच डॅरेलने. नव्या वसाहतीला नाव दिलं 'टेनी डेअरी इस्टेट्स', आणि नियमावलीतलं पहिलं कलम घातलं की आवारात गुरं ठेवण्यास सक्त मनाई आहे. चाऱ्याचा जुना मनोरा रंगवून फाटकापाशी शोभेला ठेवला. रस्त्यांना गावाकडची वाटतील अशी नावं हवी होती म्हणून डॅरेलने आईला विचारलं. तिने जुन्या गाईंची नावं देऊन टाकली. जॅनेलच्या नवऱ्याला मोठं घर हवं होतं, म्हणून प्रिचर्ड मंडळी भिंत ओलांडून याच वसाहतीत आली, पॅन्झी लेनवर. "किती नाजूक फुलाचं नाव आहे!" जॅनेल म्हणाली. पॅन्झीला जन्मभर हगवण होती, हे व्हर्डाने तिला बरीच वर्षं सांगितलं नाही. माणसाने घर घेतल्यावर त्याचा विरस करू नये.

व्हर्डाने स्वतःही तिथेच एक बसकं घर घेतलं. चेबोला हे पटेना. त्याने एव्हाना वसाहतीच्या पश्चिमेला, घरांच्या एका रांगेपलीकडे, गावाच्या कडेला स्वतःची थोडी जमीन घेतली होती, मेंढ्या पाळल्या होत्या. "दोन्या व्हर्डा," टोपी काढून, स्पॅनिश अदबीने बाईसाहेब अशी हाक मारत तो म्हणाला, "तुमचा गोठा होता तिथं तुम्ही आता भाजी चिरणार?"

"गोठा होता तिथं माझी न्हाणी आहे," व्हर्डा म्हणाली. "गार हवेचं यंत्र आहे, चेबो, प्रत्येक खोलीत. मी जुलैमध्ये गोधडी घेऊन झोपते. तू मला काय सांगतोस?"

पहिल्याच महिन्यात सोसायटीची नोटीस आली. मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालणं नियमाविरुद्ध आहे, वसाहतीच्या शोभेला बाधा येते. जगात सर्वांत कडक ऊन जिथे फुकट पडतं, तिथे ओले कपडे विजेवर वाळवायचे! व्हर्डा नोटीस घेऊन सोसायटीच्या सभेला गेली. अख्ख्या वसाहतीतून सहा माणसं आली होती आणि त्यांतली दोन वाट चुकून. अध्यक्ष राजीनामा देऊन टेक्सासला चालले होते. "कुणी इच्छुक?" त्यांनी विचारलं. सगळे बुटांकडे बघू लागले. व्हर्डाने हात वर केला.

परिषदेच्या मागच्या बाकावर जन्म काढलेल्या बाईच्या हाती अध्यक्षाची हातोडी आली. दोरीचा नियम पहिल्या सभेत गेला. दुसऱ्या सभेत कोंबड्यांना परवानगी मिळाली. जॅनेल चिडून आली.

"कोंबड्या? इथे? अहो, नियम असतात ते कशासाठी?"

"मोडायला सभा बोलवावी लागते त्यासाठी," व्हर्डा म्हणाली. "तू येत नाहीस सभेला."

त्यानंतर जॅनेल सभेला येऊ लागली. आधी भांडायला, मग सवय म्हणून. तिची मुलं व्हर्डाकडे पडून असायची. एकदा धाकटी तापाने फणफणली आणि नवरा परगावी होता, तेव्हा व्हर्डाच तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन बसली. दोघींचं सूत जुळलं म्हणावं तर रोज वाजायचं, आणि पटत नव्हतं म्हणावं तर एक दिवस चुकला की दुसरी फोन करायची.

एका संध्याकाळी व्हर्डा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. वारा पश्चिमेचा सुटला होता. ती उठली, खिडकी ओढून लावली आणि पुन्हा सोलायला बसली. आणि सुरी हातातच थांबली. खिडकी का लावली? वास आला म्हणून. कसला? चेबोच्या मेंढ्यांचा.

तिने खिडकी पुन्हा उघडली, उभी राहिली आणि मुद्दाम श्वास ओढून घेतला. घाण वास होता. तिला उमाळून रडू आलं. नवऱ्याच्या दफनाला ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चेबोकडे गेली. तो कुंपणाच्या तारा गुंडाळत होता. तिने काही आडपडदा ठेवला नाही. "चेबो, माझं नाक बिघडलं. काल तुझ्या मेंढ्यांची मला शिसारी आली. मीही त्यांच्यातलीच झाले."

चेबो पोट धरून हसला. "दोन्या व्हर्डा, मला तो वास कधीच आवडला नव्हता. तुमच्या गाईंचासुद्धा नाही. मी घरी गेलो की बायको दारातच अंघोळीला पाठवायची. तुम्हाला तो आवडायचा, हे मला आज कळतंय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"कुणाला बोलू? गाई तुमच्या होत्या."

 व्हर्डाने विचारलं, "तारा का गुंडाळतोयस?"

"विकलं. मुलीच्या घरी टुसॉनला जातोय. मागे पोहायचा तलाव आहे म्हणे." त्याने गुंडाळी बाजूला ठेवली. "नातवंडं म्हणतात, आजोबा, तुम्ही पाण्यात नुसतं बसायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडलं. आता जरा बसतो त्यात."

त्याच्या बायकोने निघताना मक्याच्या पानांत गुंडाळून उकडलेल्या तमालेंचं भरलेलं पातेलं दिलं. व्हर्डा ते मांडीवर घेऊन गाडीत कितीतरी वेळ बसून राहिली. चावी फिरवायचं तिला सुचलं नाही.

चेबोच्या जागेवर तीन मजली भाड्याची घरं होणार असं जाहीर झालं, आणि मेस्किट वेल्समध्ये कधी उठलं नव्हतं असं आंदोलन उठलं. पुढारी जॅनेल प्रिचर्ड. अंगात सदरा 'आमचं गाव वाचवा' छापलेला. ती व्हर्डाकडे सही मागायला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"गाड्या किती वाढतील! भाडेकरू, कोण कुठले. व्हर्डा, या गावाचा गावपणाच जाईल. आपण जुन्या लोकांनी उभं राहायला पाहिजे."

"आपण कोण?"

"आपण. जुने लोक."

जुन्या लोकांना इथे येऊन चौदा वर्षं झाली होती. व्हर्डाने सुनावणीला येईन एवढंच सांगितलं.

सभागृह गच्च भरलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत आलेल्या सिस्टर टेनीला बघून टाळ्या पडल्या. शेवटची शेतकरीण आपल्या बाजूने बोलणार म्हणून कॅमेरे वळले. व्हर्डाने माइक खाली ओढला.

"मी लग्न करून आले तेव्हा," ती म्हणाली, "माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, आता या गावात बाहेरच्या मुली यायला लागल्या, आता काही खरं नाही. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्यानंतर जो जो आला त्याने दार आतून लावून घ्यायचा प्रयत्न केला. माझ्या नवऱ्यानेसुद्धा. हॉस्पिटलमधल्या नर्सेस रोज कुठून कुठून गाड्या हाकत येतात, कारण गावात राहायला त्यांना परवडत नाही. माझा नवरा गेला तेव्हा त्यांच्यातल्या एकीने त्याचे डोळे मिटले होते. बांधा ती घरं. आणि बांधताय तर लिफ्ट ठेवा, वरच्या मजल्यावर मलाही मैत्रिणी होतील."

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कुणीतरी "फितूर" म्हणालं. व्हर्डाने वळून पाहिलं आणि "कोण रे तो? पुढे येऊन बोल," असं विचारलं. कुणी आलं नाही.

घरं झाली. जॅनेलने सुनावणीपासून अबोला धरला होता. समोरून येताना दिसली की ती मोबाईलमध्ये डोकं घालायची आणि व्हर्डा मोठ्याने "गुड मॉर्निंग, जॅनेल!" म्हणायची, अख्ख्या पॅन्झी लेनला ऐकू जाईल असं.

मग नाताळ आला. प्रिचर्डांच्या छपरावर दरवर्षीप्रमाणे रोषणाई झाली: लुकलुकणारी हरणं, गाणारा सांता, अंगणात फुगवलेला बर्फाचा माणूस, वाळवंटात. आणि नव्या इमारतीतल्या एका नर्सने सोसायटीकडे तक्रार केली. तिची रात्रपाळी असायची, पहाटे येऊन झोपावं तर सांता खिडकीत गातोय.

जॅनेल तक्रारीची प्रत हातात फडकावत तरातरा व्हर्डाच्या अंगणात आली. अबोला विसरली. "वाचलंत हे? आठवडासुद्धा झाला नाही राहायला येऊन! आमची इतक्या वर्षांची पद्धत! आमचे दिवे खपत नाहीत, तर हे लोक इथे आलेच कशाला?"

व्हर्डाने तिचं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "आता झालीस तू इथली."